जिपारला बाधलेला गारठा

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या किटलीला पदच्युत करण्यात आलं. ना नोटीस, ना निरोप समारंभ. शिक्षकांच्या खोलीत प्लगच्या तीन जागा आहेत. एकीतून ठिणग्या येतात, दुसरीतून काहीच येत नाही आणि तिसरीवर गेली एकोणीस वर्षं माझी किटली राज्य करत होती. आज तिथे कमरेएवढा पांढरा फ्रीज येऊन उभा राहिला. किटली खिडकीत, वह्यांच्या गठ्ठ्यावर, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. शिक्षा झालेल्या पोरासारखी.

फ्रीजच्या बाजूला शाळेची नर्स बुरुलचा उभी. गावातल्या सगळ्यांसारखी तीही मला एजे, म्हणजे ताई म्हणते. "सायराकान एजे, माझ्या खोलीतली वायर जळलीय. लस तापली तर वाया जाते. पाच-सहा आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"आणि चहा निवला तर तो वाया जात नाही?" मी विचारलं.

ती हसली नाही. ही बाई हसतच नाही. चेहऱ्यावर कायम दुसऱ्याचं दुखणं घेऊन हिंडते. माझ्याकडे तर गेली तीन वर्षं असं बघते, की काहीतरी सांगायचंय आणि बस सुटतेय.

चहाशिवाय मी आजवर पहिला तास घेतलेला नाही. आज घेतला. सहावीच्या पोरांना विशेषणं शिकवली. उदाहरणं सगळी फ्रीजची निघाली.

१४ सप्टेंबर, गुरुवार

फ्रीजमागचं रहस्य उलगडलं. मुख्याध्यापक तोलोबेक इसायेविच यांनी तालुक्याहून आलेला कागद उभं राहून वाचला. अकरा वर्षांच्या सर्व मुलींना लस देणं बंधनकारक. नकार स्वीकारले जाणार नाहीत. वीस ऑक्टोबरपर्यंत पंच्याण्णव टक्के. कायद्यात पालकांना नकार द्यायची सोय आहे. तालुक्याच्या कागदात तेवढी छापायची राहिली.

"कसली लस?" मी विचारलं.

"मुलींची."

"मुलींची म्हणजे?"

"सायराकान एजे, मुलींची म्हणजे मुलींची!" साहेबांचे कान लाल झाले. बाकीच्या बायका आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या. बुरुलचाने तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "तू टक्क्यांचं बोल."

शाळेत त्या वयाच्या एकतीस मुली आहेत. एकतीसचे पंच्याण्णव टक्के म्हणजे एकोणतीस पूर्णांक पंचेचाळीस शतांश मुली. ती पंचेचाळीस शतांश मुलगी कुठून पकडून आणायची, हे कागदात नाही. सह्या गोळा करायचं काम वर्गशिक्षिकेचं, म्हणजे माझं. त्या एकतिसांत माझी भाची कानिशायही आहे. तिची पालक म्हणून सही कोणी करायची? तीही मीच.

ज्या खात्याला मुलींच्या संडासाला दार लावायला सहा वर्षं लागली, त्याला त्यांच्या दंडाची सहा आठवड्यांत एवढी काळजी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती अजून तिथेच आहे.

१७ सप्टेंबर, रविवार

बटाटे काढले. कानिशाय बांधावरच्या दगडावर टेकली, तशी मी शेताच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "ऊठ! गारठा बाधेल!" ती उठली आणि माझ्याकडे बघत पालथ्या बादलीवर बसली. आईसारखीच हट्टी.

जिपारला जाऊन येत्या हिवाळ्यात तीन वर्षं होतील. माझी धाकटी बहीण. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. तिला मीच पाठीवर बांधून वाढवली. एका शरद ऋतूत नदीवर लोकरीचे नमदे धुवायला गेली, दुपारभर ओल्या दगडावर बसली आणि तिथेच गारठा पोटात शिरला. आमची आई, आपा, असंच सांगते आणि आई सांगते म्हटल्यावर मी कशाला दुसरं कारण शोधू? दोन वर्षं दुखणं चाललं. अंगावरून जायचं ते थांबायचंच नाही. कंबर धरून चालायची. चादरी स्वतः धुवायची आणि गोठ्यामागे, कुणाला दिसणार नाही अशा वाळत घालायची. आपाने तिला ताज्या सोललेल्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळून घाम काढला, एकदा नव्हे, चारदा. शेवटी शेवटी बुरुलचा रोज येऊन सुई देऊन जायची. झोपेची, म्हणे.

एकदा जिपारने मला विचारलं होतं, "एजे, गारठ्याने एवढं होतं का गं?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं ना, दगडावर बसू नकोस."

छत्तीस वर्षांची होती. नवरा रशियात कामाला होता तो तिथलाच झाला. कानिशाय माझ्याकडे आली. माझा स्वतःचा नवरा बिश्केकला दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. पोटी मूल नाही. त्यामुळे कागदावर मी या पोरीची पालक, आणि तोंडाने तिची तायेजे, म्हणजे मावशी.

२१ सप्टेंबर, गुरुवार

लेख लिहून टाकला. तालुक्याच्या साप्ताहिकात 'चिमटा' या नावाने मी अकरा वर्षं लिहितेय. सगळ्यांना ठाऊक आहे की चिमटा मीच, आणि सगळे ठाऊक नसल्यासारखं वागतात. गावात याला सभ्यता म्हणतात.

त्यातलं एक कलम इथे उतरवून ठेवते, कारण ते मला आवडलंय: "आमच्या गावात मुलीच्या शरीराबद्दल बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. वेणी किती लांब हे शेजारीण बघते. चहा ओतताना हात थरथरला का, हे भावी सासू बघते. कधी लग्न करायचं ते बाप ठरवतो, आणि कधीकधी बापालाही न विचारता एखादा गाडीत घालून घेऊन जातो. एक दंड तेवढा राहिला होता. त्यावर आता खात्याने शिक्का मारलाय. या सगळ्यात मुलीला कुणी काही विचारलं का?"

संपादकाचा फोन आला. "एजे, फक्कड झालंय. फक्त लस कसली ते लिहू नका. घरातली माणसं वाचतात."

"मी लिहिलेलंच नाही."

"वा! म्हणूनच तुमच्यावर माझा विश्वास."

आज टेबलावर एक थर्मास होता. हिरवा, बाजूला पोचा आलेला. आत कडक गरम चहा, दूध घातलेला आणि मीठही. चिठ्ठी नाही. माझा कुणी वाचक असावा. लेख छापायच्या आधीच वाचक जागे झाले म्हणजे लेखणीत अजून दम आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

लेख छापून आला आणि गाव पेटलं. जुमागाझीने दुकानात पिठाच्या पोत्यावर उभं राहून मोठ्याने वाचला. हा पालक समितीचा अध्यक्ष. फोनचं रिचार्ज विकतो आणि ज्ञान फुकट देतो. वाचून झाल्यावर पदरचं जोडलं, की या सुईने मुली वांझ होतात, परदेशातून तसा व्हिडिओ आलाय, आणि "आपल्या एजेंनी सभ्यपणे सुचवलंय तेच."

मी असलं काहीही सुचवलं नव्हतं. मी त्याला म्हटलंही, "जुमागाझी, माझ्या लेखात वांझ हा शब्द दाखव."

"एजे, तुम्ही मोठ्या लेखिका. तुम्ही शब्द लिहीत नाही, आम्ही ओळखतो."

संध्याकाळपर्यंत तेवीस नकार आले. काहींनी माझा लेखच कापून अर्जाला टाचलाय. मला आनंद व्हायला हवा. झालाही. फक्त घरी येताना चार बायकांनी माझे हात हातात घेऊन आशीर्वाद दिले, की तुम्ही आमच्या मुलींची लग्नं वाचवलीत. मी कुणाच्या लग्नासाठी लिहिलं नव्हतं.

थर्मास रोज येतो. रिकामा झाला की मी तो फ्रीजवर ठेवते, सकाळी पुन्हा भरलेला. शोध घेत नाही. चाहत्याला लाजवू नये.

३ ऑक्टोबर, मंगळवार

पालकसभा. साहेब घाबरून धमक्या देत होते. "सुई नाही तर वर्ग नाही!" मागून कुणीतरी म्हणालं, "मग वर्ग नाही तर बटाटे काढायला तरी येतील," आणि सगळे हसले. मीही.

मग बुरुलचा उठली. हातात कागद नव्हता. म्हणाली, "गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर."

खोलीत असं काही झालं, जसं कुणी कपडेच काढले. पुढच्या रांगेतल्या सुनांनी रुमाल तोंडावर ओढले. बापमंडळी छताकडे बघू लागली. छतात बघण्यासारखं खूप आहे, तीन ठिकाणी गळतं.

"कॅन्सर," ती पुन्हा म्हणाली. "एका विषाणूमुळे होतो. तो नवऱ्याकडून येतो. साध्यासुध्या, घरातून बाहेर न पडलेल्या बाईलाही होतो. सुरुवातीला काही कळत नाही. मग मध्येच रक्त जातं, मग ते थांबत नाही. कंबर दुखते. वास येतो, म्हणून बाई माणसांत बसायची बंद होते. चादरी लपवून धुते. आणि आपण म्हणतो, गारठा बाधला."

"मग दगडावर बसायचं काय?" एका आजीने विचारलं.

"दगडावर बसून पार्श्वभाग गार होतो, आजी. कॅन्सर नाही होत."

"शरम नावाची गोष्ट आहे की नाही?" जुमागाझी ओरडला. "पोरी अकरा वर्षांच्या आहेत!"

"म्हणूनच आत्ता, जुमागाझी बाइके. लग्नानंतर उशीर होतो. सुई सगळे प्रकार अडवत नाही, पण बरेच अडवते. नंतर तपासण्या तरीही कराव्याच लागतात."

बोलताना ती सारखी माझ्याकडेच बघत होती. मी नजर वळवली नाही. मला धाकात ठेवायला ती असली भयंकर वर्णनं रचणार असेल, तर नाट्यमंडळात जावं तिने.

४ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना आपाला कालच्या सभेची नक्कल करून दाखवली. माझ्या नकलांवर आपा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते, त्र्याहत्तर वर्षांची झाली तरी. साहेबांचे लाल कान झाले, जुमागाझी झाला, मग बुरुलचाचा तो मेलेला आवाज काढला: "चादरी लपवून धुते. आणि आपण म्हणतो, गारठा बाधला."

आपाच्या हातातला वाडगा खाली पडला. फुटला नाही, चहा सगळा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला. ती उठली आणि गाईकडे बघून येते म्हणाली. पायात जोडे न घालता गेली, नुसत्या मोज्यांवर.

नक्कल पहिल्यांदाच फसली. आवाज नीट लागला नसावा.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

कानिशाय वेणी घालताना म्हणाली, "तायेजे, तुझा लेख आम्ही वर्गात वाचला. शेवटी लिहिलंयस ना, मुलीला कुणी विचारलं का?"

"मग? आवडला?"

"मला कुणीच विचारलं नाही."

"तेच तर मी लिहिलंय, बाळा."

"तूही नाही विचारलंस. तू नकारावर सही केलीस."

मी कंगवा जरा जोरात ओढला असेन. ती म्हणाली, "आई गं!" मग वेणीचं टोक स्वतःच्या हातात घेतलं. नंतर विचारलं, "ती सुई कशासाठी आहे?"

मी म्हटलं, बायकांच्या एका दुखण्यासाठी. कुठल्या? मोठी झालीस की कळेल. म्हणजे आठशे शब्दांचा लेख लिहिणारी बाई अकरा वर्षांच्या पोरीला साहेबांसारखंच उत्तर देऊन मोकळी झाली. मुलींची म्हणजे मुलींची.

पण तत्त्व ते तत्त्वच.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज शाळेत दोन प्रकार घडले.

सकाळी दहाला वीज गेली. आमच्याकडे ती सांगून जात नाही. मी वर्गातून परतले तर बुरुलचा गुडघ्यांवर बसून फ्रीजला घरची गोधडी गुंडाळत होती, बाळंतिणीला गुंडाळतात तशी. "दार उघडू नका, एजे. बंद राहिला तर चार तास टिकेल." मी म्हटलं, "अंगाईही म्हण." ती तिथेच जमिनीवर फ्रीजला टेकून बसली. वीज येईपर्यंत जेवायलाही उठली नाही.

दुपारी तोलोबेक इसायेविच आले. दार लावून घेतलं, मी कोपऱ्यात वह्या तपासतेय हे न बघता. "बुरुलचा, उद्या खेळाच्या तासाला पोरींना रांगेत आण. जीवनसत्त्वाची सुई म्हणून सांग. सह्या मागून बघू."

"सहीशिवाय मी सुई उघडणार नाही."

"वरून हुकूम आहे!"

"मग वरच्यांनी येऊन टोचावी. पोरीला न सांगता, आईला न विचारता मी कुणाला हात लावत नाही. एकदा न सांगण्यात मी सामील झालेय. पुन्हा नाही."

साहेब गेले. मी वहीतून मान वर केली, तर ती माझ्याकडे बघत होती, तिच्या त्या नेहमीच्या नजरेने. काही बोलणार तेवढ्यात तास झाला.

माझ्या लेखाचा धसका घेतलाय, दुसरं काय. पण एक गोष्ट खुपतेय. माझा लेख या गावात नीट कळलेली ती एकटीच दिसते.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

शाळेतून आले तर आपा बाहेर जाताना बांधायच्या रुमालात, बाहेरून आल्यासारखी बसलेली. समोर कोरा संमतीचा कागद आणि माझं पेन.

"सही कर."

"हा कुठून आणलास?"

"बुरुलचाकडून. मी म्हटलं, माझी सही घे आणि पोरीला टोच. ती म्हणते, पालक सायराकान आहे. सही कर."

"आपा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा सक्ती मान्य केली की उद्या..."

"सही कर म्हणते ना!"

आईने माझ्यावर आवाज चढवला त्याला तीस वर्षं झाली असतील. मी हसले. चुकून हसले. मग ती उठली आणि संदुकीकडे गेली.

संदुकीवर कानिशायच्या लग्नासाठी शिवलेल्या गाद्या-गोधड्यांची चळत आहे, छताला टेकलेली. आपाने एकेक उतरवली. मी मदतीला गेले तर हात झटकला. संदुकीच्या तळाशी जिपारचा रुमाल होता, त्यात घडी घातलेला रशियन भाषेतला कागद. शहरातल्या इस्पितळाचा शिक्का.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने नको."

माझं रशियन चांगलं आहे. अवयवाचं नाव तेच. आजाराचं नाव तेच. तिसरा टप्पा. ताबडतोब उपचार सुरू करावेत. तारीख, जिपार जायच्या एक वर्ष आणि चार महिने आधीची.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"डॉक्टरने. मला कोपऱ्यात घेऊन. म्हणाला, रुग्णाला सांगू नका, खचतात."

"आणि उपचार?"

"मशीनवर न्यायचं म्हणाला. बिश्केकला, दीड महिना. तिला काय सांगून न्यायचं? मी म्हटलं, आधी कातड्यात गुंडाळून बघू. मग म्हटलं, हिवाळा सरू दे. मग नेलं, तेव्हा ते नाही म्हणाले."

"जिपारला ठाऊकच नव्हतं?"

"तिने विचारलं होतं. मी सांगितलं, गारठा."

"का, आपा?"

"तसलं दुखणं तसल्या बाईला होतं म्हणतात लोक. तिचा नवरा परगावी. काय काय बोलले असते! आणि मग या पोरीकडे कुणी बघितलं असतं?"

"कानिशाय तेव्हा आठ वर्षांचीही नव्हती!"

"म्हणूनच," आपा म्हणाली.

मला ओरडायचं होतं. अकरा वर्षं खात्यावर, साहेबांवर, पुढाऱ्यांवर लिहिते, संतापाला शब्द कमी पडत नाहीत. इथे मात्र तिचे हात बघत राहिले. गोधडीच्या टाक्यावरून एक बोट पुन्हा पुन्हा फिरत होतं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं होतं ना, दगडावर बसू नकोस.

१५ ऑक्टोबर, रविवार

बुरुलचाकडे गेले. अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"सुया मीच देत होते, एजे. झोपेच्या नव्हत्या, वेदनेच्या होत्या."

"तीन वर्षं मला सांगितलं नाहीस."

"तुमच्या आईने माझ्याकडून भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली होती." चिमटे तिच्या ओठात होते, ते काढून ती म्हणाली, "दोनदा सांगणार होते. एकदा तो फ्रीज आणला तेव्हा. पण तुम्ही चहाचं बोललात."

"मोडायची होतीस शपथ!"

"हो," ती म्हणाली. एवढंच. बचाव केला असता तर मला भांडता आलं असतं.

"तिला कळलं होतं का?" मी विचारलं. "खरं सांग."

"शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, बुरुलचा, माझ्या घरात सगळे मला फार जपतात, माझ्याशी कुणी बोलत नाही. काय झालंय ते मी विचारणार नाही, तुला खोटं बोलायला लागेल. कानिशायचं मात्र बघ."

तिथून घरापर्यंत मी कशी आले, ठाऊक नाही. 'मुलीला कुणी विचारलं का' असं लिहिणाऱ्या बाईला तिच्या बहिणीने सरळ विचारलं होतं. बाईने तिला दगडाबद्दल झापलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

हुकमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, हे लिहून ठेवते. टक्के भरण्यासाठी पोरींना रांगेत उभं करणं हे मेंढ्या डागण्यासारखंच आहे. पण हुकूम वाईट म्हणून सुई वाईट, हे गणित मी फळ्यावर मांडलं आणि तेवीस आयांनी ते उतरवून घेतलं. बाई चुकली तर अख्खा वर्ग चुकतो. सक्ती करायचीच तर सांगण्याची करा. त्या अवयवाचं नाव घेण्याची करा. साहेबांपासून सुरुवात करा, आणि संपादकालाही सोडू नका.

नवा लेख पाठवला. संपादक म्हणाला, दोन शब्द गाळले तर छापतो. ते दोन शब्द गाळले तर लेखात उरतं काय? गारठा.

मग आपाला विचारलं, "जिपारचं नाव घेऊ का?" आपा गाईला थोपटत राहिली. "घे," म्हणाली. "आणि लपवलं कुणी, तेही सांग. तुझी आई म्हण. नाहीतर लोक बुरुलचाच्या डोक्यावर ठेवतील."

पालकांच्या ग्रुपवर माझ्या आवाजात चार मिनिटांचा निरोप टाकला. सगळं सांगितलं, अवयवाच्या नावासकट, चादरींसकट. माझ्या लेखात मी काय दडवलं तेही. साठ जणांनी ऐकला. शेवटी जुमागाझी: "एजे, या ग्रुपवर मुलीही असतात."

मी लिहिलं, "मुलींसाठीच आहे."

त्याने मला ग्रुपमधून काढून टाकलं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस दारोदार फिरले. माझा नकार सोडून बावीस घरं. सात दारं उघडलीच नाहीत. एका घरात सासूने चहा दिला आणि सून काही बोलायच्या आत म्हणाली, "तुमच्या घरात होतं ते दुखणं, आमच्यात नाही." सून मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "एजे, मलाच होतंय तसं. मध्येच जातं." मी तिथूनच बुरुलचाला फोन लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

अकरा घरांतून नकार परत आले, बारा तसेच राहिले, त्यांत अजून माझाही. जुमागाझीचाही नकार तसाच. मात्र त्याची बायको उंबऱ्यावर उभी राहून माझं सगळं ऐकत होती, हातात पीठ तसंच वाळेपर्यंत.

साहेब हिशेब करून रडवेले झालेत. एकतिसात एकोणीस. "हे एकसष्टच टक्के झाले, एजे!" मी म्हटलं, "एकोणीस मुली झाल्या, तोलोबेक इसायेविच. नावं सांगू?"

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी कानिशायला समोर बसवलं आणि सांगितलं. आईला काय झालं होतं, ते कुठे होतं, ते कशाने होतं, सुई काय करते आणि काय करत नाही. अडखळत सांगितलं, एकोणीस वर्षं शिकवतेय, इतका वाईट तास घेतला नव्हता.

ती मध्ये रडली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे आई दगडावर बसली म्हणून नव्हतं?"

"नाही."

"मी तिला म्हटलं होतं, माझा नमदा आधी धू." आणि मग रडली. एवढ्याशा पोरीने तीन वर्षं हे स्वतःपाशी ठेवलं होतं, आणि मी तिला बांधाबांधावरून हाकलत होते.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "कानिशाय, घ्यायची का सुई? नको म्हणालीस तर नाही."

"दुखतं का?"

"हो."

"साहेबांसारखं जीवनसत्त्वाची आहे असं नाही सांगितलंस, ते बरं केलंस," ती म्हणाली. "डाव्या हाताला देतील ना? उद्या निबंध आहे. तूच दिलायस."

बुरुलचाने सुई दिली. पोरीने ओठ चावला, माझा हात नाही धरला, बुरुलचाचा धरला. दुसरी सहा महिन्यांनी.

घरी येताना कानिशाय नदीकाठच्या मोठ्या दगडावर बसली. माझं तोंड उघडलं होतं. मिटलं आणि तिच्या शेजारी बसले. दगड चांगलाच गार होता.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

फ्रीज गेला. खोलीत त्याची चौकोनी खूण राहिली आणि प्लगची जागा मोकळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवून किटली परत आणली. मी ती लावली नाही.

काल फ्रीजवर ठेवायचा राहिलेला थर्मास आपाने माझ्या पिशवीत पाहिला आणि तो हातात घेऊन बसली. पोच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "हा बुरुलचाचा. जिपारला शेवटी दुसरं काही जात नव्हतं, तेव्हा ती यातून चहा आणायची. हा पोचा आपल्याच उंबऱ्यावर पडलाय." चार आठवडे मी तो पिऊन रिकामा करून फ्रीजवर ठेवत होते, चाहत्यासाठी. आपल्याकडे शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. शेंबडं पोरही त्यात मूठभर कुरुत, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, टाकून नेतं.

आज पहाटे गाईचं दूध तापवलं, पीठ लोण्यात भाजलं, मीठ घातलं, आपा करते तसा चहा केला. थर्मास काठोकाठ भरला. शाळेत सगळ्यांच्या आधी गेले. नर्सच्या खोलीला कुलूप होतं. दाराशी ठेवला, झाकण घट्ट आहे ना ते पुन्हा एकदा बघितलं आणि वर्गावर गेले.